ट्रकच्या चासीचे मजबुतीकरण व फेरबदल

ट्रकच्या चासीचे मजबुतीकरण व फेरबदल म्हणजे मालवाहू वाहनाच्या मूळ पोलादी सांगाड्याला जादा पोलाद जोडून तो बळकट करणे, त्यावरील तडे दुरुस्त करणे किंवा नव्या उपयोगासाठी त्याची लांबी व त्यावरील जोडण्या बदलणे. डंपर, कचरा दाबून नेणारे कॉम्पॅक्टर, टँकर, क्रेन बसवलेले ट्रक आणि जनावरांची वाहतूक करणारी वाहने यांच्या बाबतीत असे काम वारंवार करावे लागते. चासीवर इंजिन, आस, ब्रेक, स्टीअरिंग आणि हौदा हे सर्व भाग बसवलेले असल्यामुळे तिच्यातील चूक संपूर्ण वाहनाच्या सुरक्षिततेवर परिणाम करते. भारतात अशा कामावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांचे नियंत्रण आहे.

चासीला जादा पट्टी जोडली की ती अधिक बळकट होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. ट्रकची चासी काही प्रमाणात वाकावी आणि पिळली जावी, अशा बेतानेच बनवलेली असते. चुकीच्या ठिकाणी वाढवलेला ताठपणा ताण नाहीसा करत नाही, तर तो शेजारच्या भागावर ढकलतो. तसेच चासी मजबूत केल्याने वाहनाची कायदेशीर भारक्षमता वाढत नाही.

रचना

बहुतेक ट्रकची चासी शिडीसारखी असते. पुढून मागे जाणारे दोन लांब बाजूदांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, म्हणजे क्रॉस मेंबर, हे तिचे मुख्य घटक होत. बाजूदांड्याचा छेद इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा असून त्याला व्यवहारात चॅनेल म्हणतात. चॅनेलच्या उभ्या भागाला वेब आणि वरच्या व खालच्या आडव्या भागांना फ्लँज असे नाव आहे. मध्यम व अवजड ट्रकमध्ये चॅनेलची उंची साधारण २०० ते ३०० मिमी असते. क्रॉस मेंबर रिव्हेट किंवा बोल्टने जोडलेले असतात. पाट्यांचे हँगर, इंधनाची टाकी, हवेच्या ब्रेकच्या टाक्या आणि बॅटरीचा खोका हे भाग प्रामुख्याने वेबवर बसवलेले असतात.

भारतात अनेक ट्रक कारखान्यातून केवळ चासी किंवा केबिनसह चासी या स्वरूपात विकले जातात. हौदा, टाकी किंवा टिपरची यंत्रणा नंतर स्वतंत्र बॉडीबांधणी कार्यशाळेत बसवली जाते. त्यामुळे चासीत बदल होण्याचा पहिला प्रसंग वाहन रस्त्यावर येण्यापूर्वीच उद्भवतो. उत्पादक यासाठी बॉडीबांधणीची मार्गदर्शिका देतात. कोणत्या भागात छिद्र पाडावे, कोठे वेल्डिंग टाळावे आणि उपचौकट कशी बसवावी, याच्या सूचना तिच्यात असतात. मार्गदर्शिकेतील सूचना त्या विशिष्ट चासीपुरत्या असल्याने सर्वसाधारण नियमांपेक्षा त्यांना प्राधान्य दिले जाते.

चासीवरील बल

वाकणे

मालाच्या भारामुळे दोन आसांमधील बाजूदांडा सामान्यतः खाली वाकतो. तेव्हा वरच्या फ्लँजवर दाब आणि खालच्या फ्लँजवर ताण येतो. मागील आसाच्या पलीकडे बाहेर आलेल्या भागावर भार असल्यास तेथील स्थिती उलटी होते. वरच्या फ्लँजवर ताण येतो. वेबच्या उंचीच्या मध्याजवळ, ज्याला उदासीन अक्ष म्हणतात तेथे, वाकण्यामुळे येणारा ताण किंवा दाब जवळजवळ शून्य असतो.

छिद्रे फ्लँजमध्ये न पाडता वेबमध्ये पाडावीत, हा नियम यातूनच निघतो. उदाहरणार्थ, २५० मिमी उंच, ७० मिमी रुंद फ्लँजचा आणि ७ मिमी जाडीचा चॅनेल घेतल्यास, खालच्या फ्लँजमधील १४ मिमी व्यासाचे एक छिद्र वाकण्याला होणारा छेदाचा विरोध सुमारे ६.५ टक्क्यांनी घटवते. तेच छिद्र वेबमध्ये उदासीन अक्षापासून ३० मिमी अंतरावर पाडल्यास घट सुमारे ०.४ टक्के होते. याशिवाय गोल छिद्राच्या कडेला स्थानिक ताण सरासरीच्या जवळपास तिप्पट होऊ शकतो. फ्लँजमध्ये मुळातच ताण अधिक असल्यामुळे तेथील छिद्रापासून तडा सुरू होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

पीळ

वाहनाचे एक चाक खड्ड्यात आणि त्याच्या तिरक्या समोरचे चाक उंचवट्यावर असते, तेव्हा चासी पिळली जाते. उघड्या छेदाचा चॅनेल पिळाला सहज वश होतो. हा दोष नसून गुण आहे, कारण त्यामुळे असमान जमिनीवरही सर्व चाके टेकलेली राहतात. चॅनेलची उघडी बाजू पट्टीने बंद करून पेटीसारखा छेद केल्यास तो भाग पिळाच्या बाबतीत कित्येक पटींनी ताठ होतो. मात्र उर्वरित चासी लवचीकच राहते. परिणामी पेटीचा भाग जेथे संपतो तेथे आणि क्रॉस मेंबरच्या जोडांवर ताण एकवटतो. मजबूत केलेल्या भागाच्या शेवटाशी नवा तडा दिसू लागतो, त्याचे हे प्रमुख कारण आहे.

धातूचा शीण

चासी एकाच मोठ्या भाराने मोडण्यापेक्षा लक्षावधी वेळा येणाऱ्या लहान-मोठ्या ताणांमुळे हळूहळू तडकण्याची शक्यता अधिक असते. या क्रियेला धातूचा शीण म्हणतात. वेल्ड केलेल्या जोडांचे आयुष्य स्थूलमानाने ताणाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे ताणातील चढउतार २५ टक्क्यांनी वाढला, तर आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. अतिभाराचा परिणाम त्या दिवशी दिसला नाही तरी त्याचा हिशेब धातूत साठत राहतो, असे यावरून म्हणता येते.

देवनारमधील परिस्थिती

देवनार हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील, बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात मोडणारे उपनगर आहे. ठाणे खाडीलगतची येथील कचराभूमी १९२७ पासून वापरात असून ती देशातील सर्वांत जुन्या कचराभूमींपैकी एक आहे. १९७१ मध्ये सुरू झालेले महानगरपालिकेचे पशुवधगृहही येथेच आहे. शेजारच्या चेंबूर-माहुल पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने असल्याने टँकरची वर्दळही या परिसरात मोठी असते. २०२५ मध्ये महानगरपालिकेने कचराभूमीवर साठलेला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी निविदा काढली. त्या प्रमाणातील कामाचा मोठा भाग अवजड वाहनांच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो.

चासीच्या दृष्टीने अशा परिसरातील काम अनेक कारणांनी कठीण असते:

• साठलेल्या कचऱ्याची जमीन मऊ आणि असमान असते. तीवरून जाताना चासीला वारंवार पीळ बसतो. टिपरचा हौदा वर उचललेला असताना एक बाजू खचल्यास वाहन आडवे पडण्याचा धोका असतो.
• ओल्या कचऱ्यातून झिरपणारे पाणी आम्लयुक्त आणि क्षारयुक्त असू शकते. खाडीची खारी हवा आणि पावसाळ्यातील दीर्घ ओलावा यांची त्यात भर पडून गंजण्याचा वेग वाढतो.
• कॉम्पॅक्टरची दाबयंत्रणा वाहनाच्या मागील टोकाला असते. तिचे वजन मागील आसाच्या पलीकडे येत असल्याने चासीच्या वरच्या फ्लँजवर ताण वाढतो.
• पशुवधगृहाकडे येणाऱ्या वाहनांतील भार जिवंत व हलता असतो. वळणावर जनावरे एका बाजूला सरकल्यास भारकेंद्र बदलते. हौद्यात दुसरा मजला बांधल्यास भारकेंद्र उंचावते आणि हौदा ज्या जोडण्यांनी चासीला बांधलेला असतो त्यांवरील बल वाढते.

गंजाचा प्रश्न मजबुतीकरणाशी थेट निगडित आहे. मूळ चॅनेल आणि जोडलेली पट्टी यांच्या फटीत दूषित पाणी शिरले, तर ते लवकर वाळत नाही. गंजाचे घनफळ मूळ पोलादापेक्षा जास्त असल्याने तो दोन्ही थर एकमेकांपासून रेटून दूर करतो. बोल्ट सैल होतात, पट्टी फुगते आणि आतला मूळ दांडा बाहेरून न दिसता झिजत जातो. म्हणून अशा ठिकाणच्या वाहनांत जोडपट्टी बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून गंजरोधक लेप देणे आणि कडा बंद करणे आवश्यक मानले जाते. गाडी धुताना केवळ हौदाच नव्हे, तर चासीचा आतला भागही स्वच्छ करणे उपयुक्त ठरते.

तडे: कारणशोध आणि दुरुस्ती

तडा दिसताच त्यावर पट्टी वेल्ड करणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. दुरुस्तीपूर्वी तडा का पडला, हे ठरवणे आवश्यक असते. अतिभार, सैल झालेले यू-बोल्ट, तुटलेला पाटा, फ्लँजमधील जुने छिद्र, पूर्वीच्या वेल्डचे टोक, ताठ उपचौकटीचे अचानक संपणे आणि गंजाने घटलेली जाडी ही सामान्य कारणे आहेत. कारण तसेच राहिल्यास दुरुस्त केलेला भाग किंवा त्याच्या शेजारचा भाग पुन्हा तडकतो.

दुरुस्तीचा क्रम सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

१. हौद्यातील माल उतरवून चासीला समतल आधार दिला जातो, जेणेकरून वेल्डिंग करताना तड्यावर भार राहत नाही.
२. रंग व गंज काढून रंगद्रव्याच्या चाचणीने तड्याची खरी लांबी शोधली जाते. डोळ्यांना दिसणारे टोक हे बहुधा तड्याचे खरे टोक नसते.
३. तड्याच्या टोकाच्या किंचित पुढे लहान छिद्र पाडून त्याची वाढ रोखली जाते.
४. तडा ग्राइंडरने ‘व्ही’ आकारात खोदून पूर्ण जाडीत वेल्ड भरला जातो. शक्य असल्यास मागील बाजूनेही वेल्ड केला जातो.
५. वेल्डचा उंचवटा घासून मूळ पृष्ठभागाशी समतल केला जातो. घासण्याच्या रेषा दांड्याच्या लांबीच्या दिशेने ठेवतात. आडव्या ओरखड्यांतून नवा तडा सुरू होऊ शकतो.
६. पुन्हा रंगद्रव्याची चाचणी करून, आवश्यक असल्यास, जोडपट्टी बसवली जाते.

तडा पाट्याच्या हँगरजवळ किंवा स्टीअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ असल्यास, अथवा दांडा गंजाने बराच पातळ झाला असल्यास, स्थानिक दुरुस्तीऐवजी दांडा किंवा पूर्ण चासी बदलणे अधिक सुरक्षित असते.

मजबुतीकरणाच्या पद्धती

आतील चॅनेल: मूळ चॅनेलच्या आत घट्ट बसणारा दुसरा चॅनेल लावला जातो. वरील उदाहरणातील २५० मिमीच्या चॅनेलमध्ये ६ मिमी जाडीचा, २३६ मिमी उंच व ६३ मिमी फ्लँजचा चॅनेल बसवल्यास आणि दोन्ही नीट एकत्र काम करत असल्यास, वाकण्याला होणारा विरोध सुमारे १.७ पट होतो. त्याच भाराखाली फ्लँजमधील ताण मूळच्या सुमारे ५९ टक्क्यांवर येतो.

एल-पट्टी: वेबचा काही भाग आणि एक फ्लँज झाकणारी काटकोनी पट्टी लावली जाते. ज्या फ्लँजवर ताण अधिक आहे त्या बाजूला ती बसवतात.

सपाट वेबपट्टी: हँगर किंवा क्रेनची बैठक यांसारख्या ठिकाणी स्थानिक बल पसरवण्यासाठी ती वापरतात. वेबपट्टी उदासीन अक्षाच्या आसपास असल्याने वाकण्याच्या बाबतीत तिचा उपयोग वजनाच्या मानाने कमी असतो.

उपचौकट: टिपर, टाकी किंवा कॉम्पॅक्टर यांच्यासाठी मूळ चासीवर वेगळी चौकट ठेवली जाते. ती भार लांबीवर पसरवते. टिपरमध्ये तिचा मागील भाग पक्क्या पट्ट्यांनी, तर पुढील भाग काही हालचाल होऊ देणाऱ्या स्प्रिंगच्या जोडण्यांनी बसवण्याची पद्धत आहे. त्यामुळे हौदा उचलताना मागे आवश्यक ताठपणा मिळतो आणि पुढे चासीचा नैसर्गिक पीळ रोखला जात नाही.

या सर्व पद्धतींत जोडलेल्या पोलादाचा शेवट महत्त्वाचा असतो. पट्टी काटकोनात तोडल्यास छेद एकाएकी बदलतो. म्हणून तिची टोके ४५ अंश किंवा त्याहून कमी कोनात निमुळती करतात, डाव्या व उजव्या दांड्यांवरील आणि आतील व बाहेरील पट्ट्यांचे शेवट एकाच रेषेत येऊ देत नाहीत आणि पट्टी अडचणीच्या भागाच्या बरीच पलीकडे नेतात. हँगर, क्रॉस मेंबर किंवा उपचौकटीचे टोक जेथे आहे नेमक्या तेथेच पट्टी संपवणे टाळले जाते.

जोडलेल्या पोलादाचे वजनही विचारात घ्यावे लागते. वरील मापाचा आतील चॅनेल दर मीटरला सुमारे १६.५ किलोग्रॅम भरतो. दोन्ही बाजूंना चार-चार मीटर लावल्यास वाहनाचे वजन सुमारे १३२ किलोग्रॅमने वाढते. एकूण अनुज्ञेय वजन तेच राहत असल्याने नेता येणारा माल तितकाच कमी होतो.

छिद्रे, बोल्ट आणि वेल्डिंग

मजबुतीकरणाची पट्टी वेबला बोल्टने जोडणे हा बहुतेक वेळा पसंतीचा मार्ग असतो. त्यासाठी ८.८ किंवा १०.९ दर्जाचे बोल्ट, कडक वॉशर आणि ठरवलेल्या पिळानुसार आवळणी वापरली जाते. छिद्रे ड्रिलनेच पाडतात. गॅसने जाळून केलेल्या छिद्राची कड खडबडीत आणि उष्णतेने बदललेली असल्याने ते तड्याचे उगमस्थान ठरते. छिद्रे एका उभ्या ओळीत न घेता मागे-पुढे घेतली जातात.

हौदा बांधण्यासाठी यू-बोल्ट वापरल्यास चॅनेलच्या आत, दोन फ्लँजच्या मध्ये, धातूचा ठोकळा द्यावा लागतो. अन्यथा बोल्ट आवळताना फ्लँज आत वाकतात. चासी आणि हौदा यांमध्ये लाकडी पट्टी ठेवण्याची प्रथा जुनी आहे. ती भार पसरवते, परंतु ओलावाही धरून ठेवते. त्यामुळे कचरा वाहनांत तिची वेळोवेळी तपासणी आवश्यक असते.

वेल्डिंगपूर्वी पोलादाचा प्रकार माहीत असणे अत्यावश्यक आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या आयएस २०६२ ई-२५० दर्जाच्या पोलादाला कायमचा बाक येऊ लागण्याची मर्यादा सुमारे २५० मेगापास्कल असते. चासीचे पोलाद बहुधा त्याहून बरेच उच्च दर्जाचे असते. उष्णता-प्रक्रिया केलेल्या काही विदेशी चासींत ही मर्यादा सुमारे ७६० मेगापास्कल असते. अशा पोलादावर वेल्ड केल्यास उष्णतेमुळे प्रक्रियेचा परिणाम नष्ट होऊन तो पट्टा मऊ पडतो. म्हणून उत्पादक त्यावर वेल्डिंगला सहसा मनाई करतात. वेल्डिंगला परवानगी असलेल्या चासीवर कमी हायड्रोजनचे, कोरडे ठेवलेले इलेक्ट्रोड वापरले जातात. मुंबईच्या पावसाळी हवेत उघडे राहिलेले इलेक्ट्रोड ओलावा शोषतात आणि त्यामुळे वेल्डच्या आसपास तडे पडू शकतात.

जोडपट्टी वेल्ड करायचीच झाल्यास वेल्ड दांड्याच्या लांबीच्या दिशेने घेतला जातो. फ्लँजवर आडवा वेल्ड घेणे, फ्लँजच्या कडेवर वेल्ड करणे आणि पट्टीच्या टोकाभोवती वेल्ड फिरवणे या गोष्टी वर्ज्य मानल्या जातात.

फेरबदल

व्हीलबेसमधील बदल

पुढील व मागील आसांमधील अंतर वाढवताना एक तर मागील आस पाट्यांसह मागे सरकवला जातो किंवा बाजूदांडे कापून त्यांत नवा तुकडा बसवला जातो. दुसऱ्या पद्धतीत काप वाकण्याचा ताण कमी असलेल्या भागात आणि तिरका घेतात, पूर्ण जाडीचा वेल्ड करतात आणि आतून निमुळत्या टोकांची जोडपट्टी देतात. डाव्या व उजव्या दांड्यांचे काप एकमेकांसमोर येणार नाहीत याची काळजी घेतली जाते. लांबी वाढल्यावर प्रॉपेलर शाफ्टचे विभाग, मधले बेअरिंग व कोन, ब्रेकच्या नळ्या, तारा आणि वळणाची त्रिज्या हे सर्व बदलते. लांब दांड्यावर त्याच मालाने येणारा वाकण्याचा परिणामही वाढतो. म्हणून हे काम उत्पादकाच्या आराखड्याशिवाय करण्यासारखे नाही.

मागील ओव्हरहँग

मागील आसाच्या पलीकडे जाणाऱ्या भागाला ओव्हरहँग म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९३ नुसार तो व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. ४.२ मीटर व्हीलबेसच्या वाहनास ही मर्यादा २.५२ मीटर होते.

जादा आस

कार्यशाळेत जादा आस बसवल्याने वाहन अधिक माल नेण्यास पात्र ठरत नाही. ब्रेक, पाटे, हवेचा पुरवठा आणि स्टीअरिंग यांची एकत्रित रचना व चाचणी झालेली नसल्यास असा आस ओल्या रस्त्यावर ब्रेकचा समतोल बिघडवू शकतो.

भारविभागणी

चासी न मोडताही फेरबदल धोकादायक ठरू शकतो, हे भारविभागणीच्या हिशेबावरून स्पष्ट होते. ४.२ मीटर व्हीलबेसचा दोन आसांचा एक काल्पनिक ट्रक घेऊ. रिकामा असताना त्याच्या पुढील आसावर ३,५०० आणि मागील आसावर २,५०० किलोग्रॅम भार आहे. १०,००० किलोग्रॅम मालाचे भारकेंद्र मागील आसाच्या ०.६ मीटर पुढे असल्यास मालाचा १,४२९ किलोग्रॅम भार पुढे आणि ८,५७१ किलोग्रॅम मागे जातो. एकूण भार पुढे ४,९२९ आणि मागे ११,०७१ किलोग्रॅम होतो.

हौदा अर्धा मीटर मागे सरकवून भारकेंद्र मागील आसाच्या केवळ ०.१ मीटर पुढे आले, तर पुढील आसावर ३,७३८ आणि मागील आसावर १२,२६२ किलोग्रॅम भार येतो. वाहनाचे एकूण वजन दोन्ही वेळा १६,००० किलोग्रॅमच आहे. तरीही दुसऱ्या स्थितीत मागील आस चार टायरांच्या एकेरी आसासाठी असलेली ११.५ टनांची मर्यादा ओलांडतो आणि पुढचा भाग हलका झाल्याने स्टीअरिंगची पकड घटते. त्यामुळे फेरबदलानंतर वाहनाचे केवळ एकूण वजन न घेता प्रत्येक आसाचे वजन स्वतंत्रपणे काट्यावर घेणे आवश्यक असते.

कामाच्या वेळची सुरक्षितता

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडवल्या जातात आणि इंजिन, ब्रेक इत्यादींच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांच्या जोडण्या उत्पादकाच्या सूचनेनुसार काढल्या जातात. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावतात. तो दूर लावल्यास प्रवाह बेअरिंग, पाटे किंवा गिअरमधून जाऊन त्यांचे नुकसान करतो. नायलॉनच्या हवेच्या नळ्या, इंधननळ्या आणि तारा बाजूला केल्या जातात अथवा झाकल्या जातात.

उचललेल्या हौद्याखाली केवळ हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर काम करणे प्राणघातक ठरू शकते. हौद्याला स्वतंत्र यांत्रिक टेकू देणे अनिवार्य मानावे लागते. कचरा वाहनाचा हौदा पूर्ण रिकामा करून धुतल्याशिवाय त्याजवळ वेल्डिंग करू नये, कारण कोपऱ्यात अडकलेला कचरा धुमसत राहू शकतो. कचराभूमीत कचरा कुजून मिथेन वायू तयार होतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. त्यामुळे वेल्डिंगचे काम कचराभूमीपासून दूर, कार्यशाळेतच करणे योग्य असते. पेट्रोलियम टँकरवर आच देणारे कोणतेही काम टाकी गॅसमुक्त असल्याचे सक्षम व्यक्तीचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय करता येत नाही. टाकी रिकामी असणे म्हणजे ती सुरक्षित असणे नव्हे; उरलेली वाफ द्रवापेक्षा अधिक स्फोटक असू शकते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा संरचनेतील बदल, अशी या संदर्भात ‘फेरबदला’ची व्याख्या आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्रन या केरळमधील प्रकरणात या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नोंदवता येणार नाहीत, असे स्पष्ट केले.

तडा दुरुस्त करून वाहन मूळ स्थितीत आणणे आणि व्हीलबेस, आसांची संख्या किंवा वाहनाचा प्रकार बदलणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. दुसऱ्या प्रकारच्या बदलासाठी काम सुरू करण्यापूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे जाणे आवश्यक असते. देवनार परिसर वडाळा येथील मुंबई पूर्व प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कक्षेत येतो. या कार्यालयाचा नोंदणी संकेतांक एमएच-०३ आहे.

संबंधित इतर तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

• कलम १८२-अ: २०१९ च्या दुरुस्तीनंतर, अनुज्ञेय नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.
• कलम १९४: अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, जादा माल उतरवावा लागतो.
• नियम १२२: चासी क्रमांक वाहनावर कोरलेला असणे बंधनकारक आहे. दांडा कापताना किंवा बदलताना हा क्रमांक नष्ट होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.
• नियम १२५-ई: जनावरांची वाहतूक करणाऱ्या वाहनांत कायमस्वरूपी कप्पे आणि प्रत्येक जनावरासाठी ठरावीक जागा आवश्यक आहे.
• एआयएस-०९३: ट्रकची केबिन, हौदा व ट्रेलर यांच्या बांधणीची आणि मान्यतेची संहिता.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन आणि सहा टायरांच्या दोन आसी ट्रकची एकूण मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली. मात्र विशिष्ट वाहन किती वजन नेऊ शकते, हे त्याच्या नोंदणी प्रमाणपत्रातील आकड्यावरून ठरते. चासीला किती पट्ट्या जोडल्या आहेत यावरून नव्हे.

वाहनांच्या नमुन्यांची चाचणी नियम १२६ खाली मान्यताप्राप्त संस्थांकडून केली जाते. महाराष्ट्रात पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, तसेच अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या अशा संस्था आहेत.

तपासणी व देखभाल

परिवहन वाहनास कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास ते दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत केले जाते. हा कालावधी शीणाने वाढणाऱ्या तड्याच्या मानाने दीर्घ असल्यामुळे कठीण परिस्थितीतील वाहनांची चालक व कार्यशाळा यांनी अधूनमधून तपासणी करणे उपयुक्त ठरते.

तपासणीत पाट्यांचे हँगर, क्रॉस मेंबरचे जोड, टिपरची मागील बिजागरी, जॅकची बैठक, उपचौकटीचे पुढचे टोक आणि प्रत्येक जोडपट्टीचे शेवट ही ठिकाणे प्रथम पाहिली जातात. रंगावरील बारीक रेषा, रिव्हेटभोवती दिसणारी लालसर भुकटी, फुगलेली पट्टी, केबिन व हौदा यांमधील बदललेले अंतर आणि वाहनाचे एका बाजूला ओढणे ही पूर्वसूचनेची लक्षणे आहेत. फेरबदल केलेल्या वाहनाचे बोल्ट पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर पुन्हा तपासले जातात. दुरुस्तीची तारीख, तड्याचे स्थान व वापरलेले पोलाद यांची नोंद ठेवल्यास त्याच ठिकाणी पुन्हा तडा पडल्यावर मूळ कारण शोधणे सोपे जाते.

हे सुद्धा पहा

• देवनार
• देवनार कचराभूमी
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• धातूचा शीण
• वेल्डिंग
• मालमोटार